मुलांच्या हातचे जनावर

मटण कुठून येते, असे आज शहरातल्या एखाद्या मुलाला विचारले तर तो दुकानाचे नाव सांगेल. दोन पिढ्यांपूर्वी गावात हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तरात जनावराच्या धन्याचे नाव आले असते. बोकड कुणाच्या दावणीचा, कुणाच्या घरच्या बाईने वाढवलेला, कोणत्या बाजारातून आणलेला, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. मुलाणी हा गावगाड्यातला हक्कदार होता. कार्य मराठ्याघरचे असो की धनगराघरचे, बकरे हलाल करायला बोलावणे त्यालाच येई. आपल्यापैकी कित्येकांची आडनावे अजून त्या कामाची साक्ष देतात. जनावर वाढवणारा, ते कापणारा आणि ते खाणारा हे तिघे एकमेकांना तोंडओळखीने का होईना, जाणत होते.

विसाव्या शतकात ही ओळख जगभर तुटली. ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर तुटली ती अमेरिकेत. मांसाचा कारखाना कसा असतो हे जगाला दाखवले तेच त्या देशाने. पण त्याच देशात एक उलट्या वळणाची रीत शंभरएक वर्षे टिकून आहे. दर उन्हाळ्यात काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या जत्रेत शेतकऱ्यांची मुले स्वतः वाढवलेली जनावरे लिलावात विकतात. नऊ-दहा वर्षांचे पोर कोकराला हाताशी धरून रिंगणात उतरते. गावचा दुकानदार, दंतवैद्य, बँकेचा मॅनेजर, शेजारी बोली लावतात आणि ते मांस स्थानिक खाटकाकडून कापून घरच्या फ्रीजरमध्ये जाते.

आम्ही या रिवाजाचा इतिहास इथे मांडतो आहोत तो कौतुकासाठी नव्हे. जनावर विकत घेणाऱ्याची जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न कुरबानी करणाऱ्या समाजाला नवा नाही. त्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या वेशात उभा आहे.

जत्रा आणि दोन मेंढ्या

आपल्याकडे जत्रा भरते ती देवाची, उरूस भरतो तो पीराचा. बैलबाजार, भांड्यांची दुकाने, पाळणे त्याच्या आजूबाजूने येतात. अमेरिकेतल्या कृषिजत्रेच्या मध्यभागी सुरुवातीपासून जनावरच होते. १८०७ मध्ये एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावच्या चौकात, एका एल्म झाडाखाली, आपल्या दोन मेरिनो मेंढ्या लोकांना बघायला म्हणून बांधल्या. मेरिनो ही बारीक लोकरीची स्पॅनिश जात. गर्दी जमली. दोन मेंढ्या पाहायला एवढे लोक येत असतील तर सगळ्या जातीची जनावरे आणली तर किती येतील, असा हिशोब वॉटसनने केला. १८१० मध्ये त्याने जनावरांचे प्रदर्शन भरवले आणि १८११ मध्ये बर्कशायर कृषी संस्था उभी राहिली. उत्तम जनावराला बक्षीस द्यायचे, ते पाहून शेजाऱ्याने आपले जनावर सुधारायचे, ही कल्पना तिथून राज्याराज्यांत पसरली.

पण एकोणिसाव्या शतकातल्या या जत्रा मोठ्या माणसांच्या होत्या. त्यांत मुले आली ती पुढच्या शतकाच्या आरंभी, आणि ती सरकारच्या एका अडचणीतून आली.

बाप ऐकेना, म्हणून पोर

१८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रशास्त्राची महाविद्यालये काढायला लावली. आपल्याकडची कृषी विद्यापीठे, राहुरीचे १९६८ चे महात्मा फुले कृषी विद्यापीठ धरून, याच नमुन्यावर घडली. महाविद्यालये झाली, प्रयोग झाले, पुस्तके निघाली. पण शेतकरी बधेना. पुस्तक वाचून शेती शिकवायला आलेल्या माणसाकडे शेतकरी ज्या नजरेने पाहतो, ती नजर ओहायोत आणि उस्मानाबादेत सारखीच असते.

मग शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी पोरांना धरले. १९०२ मध्ये ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड इथे ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्याने मुलामुलींचा एक मंडळवजा वर्ग काढला. मुले लिटमस कागदाने घरच्या मातीची परीक्षा करत, निवडक मक्याचे बियाणे लावून पाहत. दक्षिणेकडच्या राज्यांत सीमन नॅप यांच्या पुढाकाराने मुलांची मका मंडळे निघाली. बापाने जमिनीचा एक तुकडा मुलाला द्यायचा आणि मुलाने त्यात नव्या पद्धतीने मका घ्यायचा. मुलाचे पीक आपल्यापेक्षा सरस आले की बाप काही न बोलता पुढच्या हंगामात तेच करी. दक्षिण कॅरोलायनात १९१० मध्ये मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटोचे मंडळ काढले. टोमॅटो पिकवायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि पैसा मुलीच्या हाती ठेवायचा. त्याच सुमारास लुइझियानात डुकरांची मंडळे सुरू झाली, पाठोपाठ वासरांची आणि मेंढ्यांची आली. यातूनच पुढे चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरचे चिन्ह असलेली 'फोर-एच' ही चळवळ उभी राहिली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांचे इंग्रजीतले पहिले अक्षर एच, म्हणून हे नाव. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवेला सरकारी पैसा मिळाला आणि मंडळे त्या सेवेच्या छत्राखाली आली.

दुसरा धागा शाळेचा. मॅसॅच्युसेट्समध्ये रूफस स्टिमसन या शिक्षणतज्ज्ञाने १९०८ पासून 'घरचा प्रकल्प' ही पद्धत चालवली. वर्गात शिकलेले घरच्या शेतावर करून दाखवायचे आणि त्याचा जमाखर्च लिहायचा. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांत शेतकी शिक्षणाला पैसा दिला. १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत अठरा राज्यांतली तेहतीस मुले जमली आणि 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. एफएफए या अक्षरांनी ती ओळखली जाते.

इथे लिलावाचे बीज आहे. मक्याचे पीक तोलून हिशोब मिटवता येतो. जनावराचा हिशोब मात्र ते विकल्याशिवाय मिटत नाही. पिल्लू कितीला घेतले, पेंड किती खाल्ली, औषधाला काय गेले, हे वहीत लिहून झाले की जमेच्या बाजूला काही तरी लिहावे लागते. बक्षिसाची निळी फीत तिथे लिहिता येत नाही. बँकांनीही मुलांना पिल्लू घेण्यापुरते कर्ज द्यायला सुरुवात केली होती आणि कर्ज फेडायचे तर विक्री हवीच. म्हणून प्रदर्शनाच्या शेवटी लिलाव आला आणि मग लिलाव हेच जत्रेचे मुख्य काम होऊन बसले.

या साऱ्यामागे सरकारचा आणि बाजाराचा स्वार्थही होता. शेतकऱ्यांची मुले शहराकडे पळत होती. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाचा विचार करायला एक आयोगच नेमला होता. मुलाला बछडे दिले की ते गावात राहील, अशी आशा होती. हे चित्र सगळ्यांना सारखे खुले होते असेही नाही. दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, म्हणून त्यांची संघटनाही वेगळी. 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही काळ्या मुलांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये टस्कीगी इथे स्थापन झाली. १९६५ मध्ये ती एफएफएमध्ये विलीन झाली, पण विलीन होताना तिचे नाव, तिचा झेंडा आणि तिचे पदाधिकारी मागे पडले. १९२० च्या शिरगणतीत अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. पुढच्या दशकांत त्यांच्या जमिनी कशा गेल्या, ही वेगळी आणि दुःखाची कथा आहे. मुलींना एफएफएचे दार राष्ट्रीय पातळीवर उघडले ते १९६९ मध्ये. मागाहून आत घेतलेल्याला घर आपले वाटायला किती वेळ लागतो, हे आम्ही आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शिकागोचे दार

मुले गोठ्यात जनावर वाढवत होती त्याच काळात त्यांच्या देशाने मांसातून जनावराचा चेहरा पुसून टाकला. १८६५ च्या नाताळात शिकागोचा युनियन स्टॉकयार्ड उघडला. रेल्वेने पश्चिमेकडची गुरे तिथे येऊ लागली. पुढच्या दीड-दोन दशकांत बर्फाच्या डब्यांची रेल्वे आली आणि जिवंत जनावराऐवजी कापलेले मांस पूर्वेकडच्या शहरांना जाऊ लागले. गावोगावचे खाटीक यात मागे पडले. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिथल्या कामगारांचे हाल व कारखान्यातली घाण लोकांपुढे आली. त्याच वर्षी मांस तपासणीचा केंद्रीय कायदा झाला. मोठ्या पाच कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी १९२१ मध्ये आणखी एक कायदा आला.

मक्तेदारी मोडली, पण परत आली. १९६० च्या दशकात आयोवातल्या एका नव्या कंपनीने अख्ख्या धडाऐवजी तुकडे करून खोक्यात भरलेले गोमांस विकायला सुरुवात केली. दुकानातल्या खाटकाचे कसब त्या खोक्याने संपवले. शिकागोचा स्टॉकयार्ड १९७१ मध्ये बंद झाला, कारण कारखाने आता गुरांच्या जवळ, लहान गावांत गेले होते. १९७७ मध्ये गोमांसाच्या धंद्यात पहिल्या चार कंपन्यांचा वाटा चौथ्या हिश्शाच्या आसपास होता, तो आता ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. २०२० च्या वसंतात करोनाने हे कारखाने बंद पडले तेव्हा शेतकऱ्यांकडे विकायला जनावरे होती आणि दुकानांत मांस नव्हते. लोकांना तेव्हा गावातल्या लहान खाटकाची आठवण झाली आणि त्यांच्याकडे महिनोन्महिने पुढची नोंदणी झाली. त्या वर्षी कित्येक जत्रा भरल्या नाहीत. मुलांच्या जनावरांचे लिलाव मात्र अनेक ठिकाणी इंटरनेटवरून पार पडले, कारण तयार झालेले जनावर थांबत नाही.

बोलीचा व्यवहार

या लिलावातून मांस घ्यायचे म्हणजे काय करायचे, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे.

खच्ची केलेला गोऱ्हा मूल साधारण शरद ऋतूत घेते आणि पुढच्या उन्हाळ्यात विकते. मेंढी-बोकडाचे चार-सहा महिन्यांत होते. डुकरे या लिलावात पुष्कळ असतात, ती आपल्या विषयाबाहेर. जनावराच्या कानात बिल्ला असतो आणि ठरलेल्या दिवशी त्याचे वजन होते. औषध दिले असेल तर कत्तलीआधी ठरावीक दिवस जावे लागतात आणि त्याची नोंद ठेवावी लागते. लिलावाच्या आधी मुले गावात दारोदार जातात, दुकानदारांना हाताने पत्रे लिहितात, मी अमुक, माझा बोकड तमुक, लिलावाला या. घेणारा गिऱ्हाईक आपसूक मिळत नाही, त्याला बोलवावे लागते, हेही शिक्षणातच धरलेले आहे.

आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि बोटांनी भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. तिथे सारे उघड. लिलाववाला एका दमात आकडे म्हणत जातो आणि बोली कधी पौंडामागे, कधी अख्ख्या जनावराची होते. बहुधा बोली बाजारभावाच्या बरीच वर जाते. वरचा पैसा ही खरे तर मुलाच्या शिक्षणाला दिलेली मदत असते. ज्यांना जनावर नको ते नुसती रक्कम वर चढवून देतात. एखाद्याने बोली जिंकली पण मांस नको असेल, तर ते जनावर त्या दिवशीच्या बाजारभावाने कारखान्याला जाते आणि घेणाऱ्याच्या पदरी फक्त फरकाचा खर्च पडतो. कुणी मांस गरिबांच्या अन्नछत्राला देतो.

ज्याला मांस घरी न्यायचे आहे त्याने आधी खाटकाकडे जागा राखून ठेवावी लागते. इथे कायद्याची एक खिडकी आहे. विकायच्या मांसाला सरकारी तपासनीस लागतो. पण जनावर तुमच्या मालकीचे असेल आणि मांस तुमच्या घरासाठी, न विकता खाण्यासाठी असेल, तर ते लहान खाटकाकडे तपासनिसाशिवाय कापून घेता येते. त्या पुड्यांवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो. दोन-चार घरांनी मिळून एक गोऱ्हा घेतला तरी चालते. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही मांस घेत नाही, जिवंत जनावर घेता. लिलावात बोली तुमच्यावर थांबली त्या क्षणी तुम्ही एका जिवाचे धनी होता.

पहिल्यांदा घेणारा वजनात फसतो. जिवंत ५९० किलोच्या गोऱ्ह्याचे सोललेले धड ३६० किलोंच्या आसपास भरते आणि हाडे, चरबी, सुकवणूक जाता घरी सव्वादोनशे-अडीचशे किलो येते. ४० किलोच्या बोकडाचे धड २० किलोंच्या आसपास. कापणावळ वेगळी. कलेजी, दिल, जीभ हवी असेल तर आधी सांगावे लागते, नाही तर पुष्कळदा ती टाकून दिली जातात. कारखान्याच्या मटणाशी किलोमागे तुलना केली तर हा सौदा स्वस्त पडत नाही. तो स्वस्त पडावा म्हणून केलेलाही नाही.

ईदची तारीख आणि करडांचा हंगाम

अमेरिकेतल्या मुसलमानांचा जनावरांशी संबंध आजचा नाही. सीरियातून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी नॉर्थ डकोटातल्या रॉस या खेड्यात १९२९ मध्ये मशीद बांधली. मक्याच्या आयोवात सीडर रॅपिड्स इथे १९३४ मध्ये बांधलेली मशीद अजून उभी आहे. पण संख्येने मुसलमान आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि त्यांत कोकणातली, मराठवाड्यातली, हैदराबादची आपली माणसेही होती.

त्यांना बकऱ्याचे मटण हवे होते आणि अमेरिकेला बकरी फारशी ठाऊक नव्हती. टेक्सासमध्ये अंगोरा बकऱ्या होत्या त्या मोहेर केसांसाठी. १९५४ च्या कायद्याने त्या केसांना अनुदान होते. १९९३ मध्ये ते बंद करायचे ठरले आणि १९९५ अखेर ते संपले. त्याच १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली मांसल बोअर जात अमेरिकेत पोचली. ही जात त्याच दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही महाराष्ट्रात आणली. अनुदान गेले, नवी जात आली आणि शहरांत गिऱ्हाईक तयार होते. टेक्सासचा सॅन अँजेलो आणि पेन्सिल्व्हेनियाचा न्यू हॉलंड हे शेळ्यामेंढ्यांचे बाजार भरभराटीला आले. ईदुल अजहा जवळ आली की न्यू हॉलंडचे भाव चढतात. तिथल्या विद्यापीठांच्या विस्तार सेवा आता शेळीपालकांसाठी सणांची दिनदर्शिका काढतात. चांद्रवर्षामुळे ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, शेळी पाच महिने गाभण राहते, तेव्हा यंदा करडे कधी जन्मली पाहिजेत, याचा हिशोब ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा मांडतो. हिजरी सनाला अमेरिकेच्या गोठ्यात अशी जागा मिळाली, ती गिऱ्हाइकामुळे.

मुलांच्या लिलावातला बोकड मात्र कुरबानीला चालेलच असे नाही. कुरबानीची बकरी वर्षाची भरावी लागते, जत्रेतली करडे बहुधा त्याहून लहान असतात. मेंढ्यांची शेपटी तिथे लहानपणीच अगदी आखूड कापतात आणि अवयव तुटलेल्या जनावराबद्दल उलेमा हरकत घेतात. म्हणून ही खरेदी बहुधा रोजच्या जेवणाची होते. जबीहासाठी तयार असलेला खाटीकही आधी शोधावा लागतो. कायद्याची आडकाठी नाही. १९५८ च्या कत्तलविषयक कायद्याने धार्मिक पद्धतीच्या कत्तलीला मान्यता दिलेली आहे.

सीडर नावाचा बोकड

आता ज्या घटनेने या रिवाजाची घडी विस्कटली तिच्याकडे वळू. २०२२ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्ता जिल्हा जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीचा 'सीडर' नावाचा बोकड लिलावाला होता. मुलीने रात्री त्याला सोडायला नकार दिला. एका राज्य सिनेटरच्या नावाने ९०२ डॉलरची बोली लागली होती. आईने जनावर जत्रेतून नेले, जत्रेचे नुकसान भरून देण्याची तयारी दाखवली आणि बोली लावणाऱ्याच्या बाजूनेही हरकत आली नाही. जत्रेचे अधिकारी मात्र नियमाला धरून बसले. लिलावात उतरलेले जनावर कत्तलीलाच जाईल, असा तो नियम. तक्रार झाली, वॉरंट निघाले, शेरीफचे शिपाई पाचशेहून अधिक मैलांचा फेरा करून बोकड घेऊन आले आणि तो कापला गेला. घरच्यांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. २०२४ मध्ये काउंटीने ३ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

जत्रेच्या बाजूनेही बोलता येते. नियम आधी सांगितला होता. प्रत्येक मूल शेवटच्या दिवशी मागे फिरले तर गिऱ्हाईक येणार नाही, आणि गिऱ्हाईक आले नाही तर पुढच्या वर्षी जनावरच वाढणार नाही. दरवर्षी हजारो मुले रडत दावे सोडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लू आणतात. त्यांना निष्ठूर म्हणणे हा अन्याय होईल. वर्षभर पहाटे उठून पाणी पाजणाऱ्या मुलाला मांसाची किंमत जितकी कळते, तितकी पिशवीतून मटण आणणाऱ्या आपल्याला कळत नाही.

पण आपल्या फिकहने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. कुरबानीचे जनावर करणाऱ्याच्या मालकीचे असावे लागते. दुसऱ्याच्या दावणीतून हिसकावून आणलेल्या जनावराची कुरबानी होत नाही, मग ते कितीही निर्दोष असो. द्यायचे तर देणाऱ्याची नियत लागते. त्याच परंपरेत जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एका जनावरादेखत दुसरे कापू नये, मजुरी म्हणून कातडे खाटकाला देऊ नये, हे सारे सांगून ठेवलेले आहे. यातली प्रत्येक गोष्ट घेणाऱ्याच्या हाताला घातलेली मर्यादा आहे. बोली जिंकली म्हणून घेणारा त्या जिवाशी काहीही करायला मोकळा होत नाही. शास्ताच्या अधिकाऱ्यांकडे करार होता, वॉरंट होते, पोलीस होते. देणाऱ्या पोरीचा होकार तेवढा नव्हता, आणि तिने आयुष्यात काय शिकावे म्हणून तो लिलाव भरवला होता, हेच ते विसरले.

रडणाऱ्या मुलांना आपल्या घरांतही गप्प केले जाते. ईदच्या सकाळी परसात बांधलेल्या बोकडाच्या गळ्याला मिठी मारून बसलेल्या पोराला, असे रडू नये, असे सांगितले जाते. का रडू नये? ज्या घटनेची आठवण म्हणून आपण कुरबानी करतो, तिच्यात प्रिय वस्तूच मागितली होती. डोळ्यांत पाणी नसेल तर काय दिले, असे उलट विचारता येईल.

आपल्यापुढची गोष्ट अशी आहे की ते पाणी यायलाही ओळख उरलेली नाही. वर्षभर घरी पाळलेला बोकड शहरातल्या फ्लॅटमध्ये शक्य नाही, हे आम्हांला कळते. म्हणून देवनारहून आणलेले जनावर दोन दिवस आवारात बांधले जाते, त्यावरूनही शेजाऱ्यांशी वाद होतात. पुष्कळ घरे आता संस्थेला पैसे पाठवून मोकळी होतात. गरजूंपर्यंत वाटा पोचतो ही चांगलीच गोष्ट, पण मुलाने जनावर पाहिलेलेच नसते. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात शेतकऱ्याला बैल कत्तलीसाठी विकता येत नाही. गिऱ्हाईक गेले की दावणीचे गणित कसे बिघडते, ते आपल्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे.

अमेरिकेचा हा लिलाव जसाच्या तसा इथे आणावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यात भपका शिरला आहे. मोठ्या शहरांच्या प्रदर्शनांत पहिल्या नंबरच्या गोऱ्ह्याला लाखो डॉलर मोजले जातात आणि जाहिरात केली जाते. पण त्याच्या मुळाशी एक साधे शहाणपण आहे. जनावर पाळणे ही एकट्या पाळणाऱ्याची गोष्ट नाही, घेणाराही तिचा अर्धा धनी आहे. तो पाळणाऱ्याचे नाव विचारतो का, रास्त भाव देतो का, सुरी कशी चालली हे पाहतो का, कलेजीपासून कातड्यापर्यंत काही वाया जाऊ देत नाही ना, आणि गरिबाचा वाटा काढतो का, यावर पुढच्या वर्षीची दावण ठरते.

आपल्या तालुक्यात उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्या पाळणाऱ्या बाया आहेत. त्यांत मुसलमान आहेत, धनगर आहेत, दलित आहेत. त्यांची करडे दलालामार्फत बाजारात जातात आणि रुमालाखाली ठरलेला भाव त्यांना नंतर कळतो. ईदच्या चार महिने आधी दोन-तीन घरांनी मिळून अशा एका बाईकडे जावे, करडू पाहून ठेवावे, भाव उघड बोलावा, थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि मुलांना महिन्यातून एकदा तिकडे न्यावे. मुले चारा घालतील, नाव ठेवतील, बहुधा रडतील. त्यांना रडू द्यावे. पुढे मोठेपणी ताटात मटण वाढले गेले, की हे कुणी वाढवले, असे ती विचारतील. एवढे त्यांना शिकवता आले तर पुष्कळ झाले.